प्रस्तावना : आकडा आणि रकाना

सातबाऱ्याचा उतारा हातात आला की माणूस आधी नाव बघतो, मग क्षेत्र. मी रकाने बघतो. धंद्याची खोड. तालुक्याच्या गावी संख्याशास्त्र शिकवत असताना पहिल्या वर्षाच्या मुलांना मी एक प्रकल्प देत असे : आपल्या गावातल्या पन्नास गटांचे उतारे पाहा, संगणकावर त्यांची एक सारणी करा आणि त्या सारणीवरून गावाबद्दल काय सांगता येते ते सांगा. एका वर्षी एका मुलाने फार नेटकी वही आणून दिली. प्रत्येक रकान्याच्या तळाशी सरासरी, दोन दशांश स्थळांपर्यंत. सरासरी क्षेत्र, सरासरी आकार इथवर ठीक होते. त्यानंतर होता सरासरी गट क्रमांक. आणि शेवटी ‘सरासरी भोगवटादार वर्ग : १.१८’.

सगळी मुले हसली. मीही हसलो, आणि ते हसणे चुकीचे होते हे कळायला मला पाच मिनिटे लागली. त्या पाच मिनिटांत काय झाले ते पुढे सांगतो. पण हे पुस्तक लिहावेसे वाटले ते त्या १.१८ मुळे, एवढे आधीच कबूल करून टाकतो.

संख्याशास्त्राची बहुतेक पाठ्यपुस्तके सरासरीपासून सुरू होतात. ‘विदा म्हणजे काय’ आणि ‘चल म्हणजे काय’ याला दीड पान, चार व्याख्या, एक तक्ता, आणि लगेच सूत्रे. मुले तो तक्ता पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. मीही वर्षानुवर्षे असेच शिकवले. आता वाटते, ते दीड पान हाच विषयाचा पाया होता आणि आम्ही तो घाईने बुजवून त्यावर भिंती चढवत होतो. बेरीज-भागाकार यंत्र करते. या आकड्यांची बेरीज करावी की नाही, हे यंत्र सांगत नाही. ते रकान्याच्या डोक्यावर काय लिहिले आहे, आणि तो रकाना भरताना माणसाने माणसाला नेमका काय प्रश्न विचारला, यावर ठरते.

आधी शब्दांचे पाहू. ‘चल’ म्हणजे बदलणारे. एका उताऱ्यावरून दुसऱ्यावर जाताना जे बदलते ते चल. क्षेत्र बदलते, पीक बदलते, खातेदाराचे नाव बदलते. पण पन्नासही उतारे एकाच गावचे असतील तर ‘तालुका’ हा रकाना बदलत नाही. त्या सारणीपुरता तो चल नाही, अचल आहे. जिल्हाभरचे उतारे घ्या, तोच रकाना चल होतो. म्हणजे ‘तालुका हा चल आहे का?’ या प्रश्नाला सारणी समोर असल्याशिवाय उत्तर नाही. विद्यार्थ्यांना ही गोष्ट सुरुवातीला फसवी वाटते. त्यांना प्रत्येक गोष्टीवर कायमची चिठ्ठी हवी असते.

‘विदा’ हा शब्द काहींना अवघडल्यासारखा वाटेल. रोजच्या बोलण्यात आपण ‘डेटा’च म्हणतो, पण दुपारी तीन वाजता एखादा मुलगा ‘सर, डेटा संपला’ म्हणतो तेव्हा त्याला भलतेच काही म्हणायचे असते. म्हणून पुस्तकात मी ‘विदा’ ठेवला आहे, आणि जिथे नुसत्या ‘माहिती’ने काम भागते तिथे तोही टाळला आहे.

आता सातबारा उघडू. नाव एक असले तरी हे दोन नमुने आहेत : गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख पत्रक आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. वरच्या भागात गट क्रमांक. समजा १४२. हा आकडा आहे, पण संख्या नाही. गट १४२ हा गट ७१ च्या दुप्पट नाही. तो त्याच्याहून मोठा असेल किंवा लहानही असेल. १४२ हे त्या जमिनीचे नाव आहे, इतकेच. पोटहिस्सा पडला की तो १४२/२ होतो, आणि त्याचे उत्तर ७१ येत नाही. ज्या आकड्याचे काम फक्त ओळख पटवणे आहे, त्याला नामदर्शक म्हणतात. पिकाचे नाव, सिंचनाचे साधन, खातेदाराचे नाव हे सगळे त्याच पंगतीतले. फरक इतकाच की ज्वारी ज्वारीच्या रूपात येते म्हणून तिची सरासरी काढायचा मोह कुणाला होत नाही. गट क्रमांक अंकांचा वेश घालून येतो.

पिनकोडचेही तेच. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने घडवलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. सहा अंक, पहिला अंक विभागाचा. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड हा सगळा प्रदेश ४ ने सुरू होतो. मुंबईचे पिनकोड ४०० ने, गोव्याचे ४०३ ने, पुण्याचे ४११ ने. अंकांच्या मांडणीत भूगोल आहे, शिस्त आहे, तरीही मुंबई आणि पुणे यांच्या पिनकोडची सरासरी काढून कुणी लोणावळ्याला पोहोचणार नाही.

नामदर्शक चल सगळ्यांत साधे, असे पुस्तकांतून म्हटलेले असते. गणिताच्या दृष्टीने खरे आहे : मोजायचे, टक्केवारी काढायची, फार तर बहुलक सांगायचा. पण ते गोळा करणे सगळ्यांत अवघड, हे कुणी सांगत नाही. २०११ च्या जनगणनेत मातृभाषेच्या रकान्यात लोकांनी सांगितलेली कच्ची नावे किती होती? १९,५६९. लोक स्वतःच्या भाषेचे नाव गावावरून सांगतात, जातीवरून सांगतात, एकच नाव पाच प्रकारांनी उच्चारतात. छाननी करून त्यातून १,३६९ मातृभाषा निश्चित झाल्या, १,४७४ नावे अवर्गीकृत राहिली, आणि मग दहा हजारांहून अधिक भाषक असलेल्या मातृभाषांची १२१ भाषांमध्ये मांडणी झाली. या मांडणीत अहिराणी ‘खानदेशी’ या वेगळ्या भाषेखाली येते, मराठीखाली नाही. मालवणी कोंकणीखाली येते. कुणी याच्याशी सहमत असेल, कुणी नसेल. भाषाशास्त्राचा तो वाद मी इथे उकरत नाही. सांगायचे ते इतकेच की त्या जनगणनेत मराठीभाषकांचा जो आकडा आला, ८,३०,२६,६८०, त्यातला शेवटचा शून्यसुद्धा अचूक असला तरी त्या आकड्याच्या आधी एक निर्णय आहे : मराठी म्हणजे कोणाकोणाला धरायचे. कुंपण आधी घातले जाते, मोजणी नंतर होते.

उताऱ्यावर परत येऊ. गट क्रमांकाजवळच भूधारणा पद्धती लिहिलेली असते : भोगवटादार वर्ग १ किंवा वर्ग २. वर्ग १ ची जमीन धारकाला सहसा मोकळेपणाने विकता येते, वर्ग २ ला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. इथे १ आणि २ ही नुसती नावे आहेत की त्यांत पायरी आहे? विकण्याच्या मोकळिकीच्या दृष्टीने पाहिले तर पायरी आहे. फेरफार क्रमांकात ती आणखी स्पष्ट दिसते : ज्याचा क्रमांक मोठा त्याची नोंद नंतरची. पण ३१०४ आणि ३१०५ या नोंदींमध्ये एक दिवस गेला की चार महिने, हे क्रमांकावरून कळत नाही. क्रम आहे, अंतर नाही. अशा चलांना क्रमदर्शक म्हणतात.

रंग हे नामदर्शक चलाचे ठरलेले उदाहरण. मीही ते वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो : लाल, निळा, हिरवा, यांत लहानमोठे काही नाही. मग एकदा एका मुलीने विचारले, ‘आणि सर, रेशनकार्डाचा?’ पिवळे, केशरी, पांढरे. पिवळे दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला, वार्षिक उत्पन्न लाखाच्या वर असेल तर पांढरे, मधले केशरी. इथे रंगाला चक्क उत्पन्नाची चढण आहे. रंग तोच, पण तो कशासाठी वापरला यावर चलाचा प्रकार बदलला. त्या दिवसापासून मी फळ्यावरचे उदाहरण बदलले.

दहावीच्या निकालातही हेच होते. ७५ टक्के आणि वर विशेष प्रावीण्य, ६० पासून प्रथम श्रेणी, ४५ पासून द्वितीय श्रेणी, ३५ ला उत्तीर्ण. श्रेणी सांगितली की क्रम कळतो, पण ५९.८ आणि ६०.२ यांच्यात आठ-दहा गुणांची दरी असल्यासारखे वाटू लागते आणि ६०.२ व ७४.६ एका बाकावर बसतात. गुणांवरून श्रेणी काढता येते, श्रेणीवरून गुण काढता येत नाहीत. हा रस्ता एकेरी आहे. म्हणून माझा एक हट्ट पुस्तकभर दिसेल : माहिती गोळा करताना जितकी बारीक मिळेल तितकी घ्या, गट नंतर पाडता येतात. प्रश्नावलीतच ‘उत्पन्न : दहा हजारांपेक्षा कमी / जास्त’ असे दोन चौकोन छापले, तर नंतर कितीही डोके आपटले तरी सरासरी निघणार नाही.

याचे सगळ्यांत महागडे उदाहरण महाराष्ट्राच्या शेतीत आहे. पैसेवारी. पूर्वी रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा तिला आणेवारी म्हणत, आणि कित्येक गावांत अजूनही म्हणतात. कल्पना सोपी आहे : प्रमाण उत्पादन म्हणजे रुपया, यंदाचे पीक त्याच्या किती पैसे? हे शुद्ध गुणोत्तर आहे, ४३ असेल, ६१ असेल. पण वर्षानुवर्षे निर्णय व्हायचा तो ५० पैशांच्या रेषेवर. रेषेखालचे गाव टंचाईग्रस्त, वरचे नाही. जमीन महसुलातली सूट, मुलांची परीक्षा फी, सगळे त्या रेषेला टांगलेले. ४९ आणि ५१ यांच्यातला फरक दोन पैशांचा असतो; रेषा ओढली की तो ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्यातला होतो. त्यात पहिली पैसेवारी ‘नजरअंदाज’, म्हणजे नावातच सांगितले आहे की ती डोळ्यांनी लावलेली.

डोळ्याचा अंदाज आणि तराजू यांतला फरक ज्यांनी देशाला दाखवला, त्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११–१९९७) अग्रभागी होते. यादृच्छिक पद्धतीने शेते निवडायची, त्यात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापून, मळून, तोलायचे. पीक कापणी प्रयोगांना शास्त्रीय बैठक देण्याचे हे काम त्यांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेत असताना केले. विनायक गोविंद पानसे यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेले कृषी संशोधकांसाठीचे संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ साली आले आणि कृषी महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. तराजूने काय केले? ‘बरे, मध्यम, वाईट’ या क्रमदर्शक बोलीतून पिकाला किलोग्रॅमच्या भाषेत आणले. चलाचा प्रकार बदलला, म्हणून गणितही बदलले.

नामदर्शक, क्रमदर्शक आणि पुढे येणारे अंतरदर्शक व गुणोत्तरदर्शक ही चौकट स्टॅन्ली स्मिथ स्टीव्हन्स या हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञाची. १९४६ साली ‘सायन्स’ साप्ताहिकात त्याने ती मांडली. तिच्यामागे एक भांडण होते. ब्रिटनमध्ये १९३२ साली नेमलेली एक समिती कित्येक वर्षे एकाच प्रश्नावर अडली होती : आवाजाचा मोठेपणा माणसाला जाणवतो, ती जाणीव मोजता येते का? भौतिकशास्त्रज्ञ म्हणत, जे काठीला काठी जोडून वाढवता येत नाही ते मोजमापच नव्हे. मानसशास्त्रज्ञांना हे मान्य होणे शक्य नव्हते. त्यांचा सगळा संसार अशाच गोष्टींवर उभा होता. स्टीव्हन्सने वादाचा पायाच हलवला. मोजमाप एकाच जातीचे नसते, त्याच्या चार पातळ्या आहेत आणि प्रत्येक पातळीवर काही क्रिया चालतात, काही चालत नाहीत, असे त्याने म्हटले. नावांवर फक्त मोजणी, क्रमावर मध्यक, अंतरावर सरासरी, गुणोत्तरावर सगळे काही.

यातला तिसरा प्रकार मुलांना सगळ्यांत उशिरा कळतो, म्हणून त्यावर थोडा रेंगाळतो. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली, म्हणजे शके १५९६. महाराजांचे निधन १६८०, शके १६०२. दोन्ही कालगणनांत अंतर सहा वर्षे. पण १६८० ला १६७४ ने भागा आणि १६०२ ला १५९६ ने भागा. उत्तरे वेगळी येतात, आणि दोन्हींना काही अर्थ नाही. कारण शून्य कुठे मानायचे हे माणसांनी ठरवले आहे. महाराजांनी राज्याभिषेकाबरोबर स्वतःचा राज्याभिषेक शक सुरू केला. आणखी एक आरंभबिंदू. आरंभ बदलला तरी अंतर बदलत नाही, गुणोत्तर मात्र बदलते. अंतरदर्शक चल तो हाच.

घरातले उदाहरण हवे असेल तर विजेचे बिल पाहा. चालू रीडिंग ८४५०, मागील रीडिंग ८३२०. आपले रीडिंग शेजाऱ्याच्या दुप्पट आहे म्हणून कुणी शेजाऱ्याला चिडवत नाही. त्याचे मीटर नवे असेल. रीडिंग अंतरदर्शक आहे. दोन्हींची वजाबाकी केली, १३० युनिट, की मात्र खरा शून्य मिळतो : शून्य युनिट म्हणजे वीज वापरलीच नाही. आता दुप्पट, निमपट, सगळे बोलता येते. एका वजाबाकीने चल एक पायरी वर चढला. आणि त्याच बिलावर बारा अंकी ग्राहक क्रमांक आहे, तो कितीही लांब असला तरी पिनकोडचाच भाऊ.

तापमानाचे उदाहरण सगळेच देतात, म्हणून लवकर उरकतो. २० अंश सेल्सियसच्या दुप्पट उष्ण म्हणजे ४० अंश नव्हे; केल्व्हिनमध्ये तेच आकडे २९३ आणि ३१३ आहेत. अँडर्स सेल्सियसने १७४२ मध्ये मांडलेल्या मोजपट्टीवर तर पाणी शून्यावर उकळत होते आणि शंभरावर गोठत होते. ती नंतर उलटी केली गेली. शून्य किती मनमानी असू शकतो याचा याहून चांगला पुरावा मला सापडलेला नाही.

गुणोत्तरदर्शक चलांबद्दल इथे फार लिहीत नाही. क्षेत्र, वजन, उत्पन्न, लांबी. उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटरमध्ये असते, लोक एकर-गुंठ्यांत बोलतात; कोणतेही एकक घ्या, चाळीस गुंठे हे वीस गुंठ्यांच्या दुप्पटच राहतात.

दुसरी एक विभागणी या चौघांना आडवी छेदून जाते : खंडित आणि अखंडित. विहिरी मोजतात, पाऊस मापतात. विहिरी दोन किंवा तीन, अडीच नाहीत. पाऊस ११.४ मिलिमीटर असेल, उपकरण आणखी सूक्ष्म असेल तर ११.४३. पण एकाच आभाळातून दोन्ही प्रकारचे चल काढता येतात. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार चोवीस तासांत २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडला तर तो पावसाचा दिवस. मिलिमीटर अखंडित, पावसाचे दिवस खंडित. पेरणी केलेल्या माणसाला दुसरा चल पहिल्याइतकाच महत्त्वाचा असतो, कारण सहाशे मिलिमीटर बारा दिवसांत पडले की चाळीस दिवसांत, यावर त्याचे वर्ष ठरते.

खंडित चलाची सरासरी खंडित राहत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आला. ‘१.७ मूल कसे दिसते?’ असा विनोद दरवर्षी कुणीतरी करतोच. उत्तर असे की हा आकडा कोणत्याही एका बाईचा नाही, सगळ्यांचा मिळून आहे.

वय हा माझा आवडता चल आहे, कारण तो कोणत्याही कप्प्यात नीट बसत नाही. वय सलग वाढते, म्हणजे अखंडित. आपण पुरी झालेली वर्षे सांगतो, म्हणून नोंद खंडित. आणि प्रत्यक्षात लोक सांगतात ते त्याहूनही वेगळे. ‘बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात होते’, ‘पानशेत फुटले तेव्हा पाळण्यात होतो’, ‘कोयनेचा भूकंप झाला त्या साली लग्न झाले’. प्रगणक यावरून हिशेब करून ५० लिहितो, ६० लिहितो. परिणामी जनगणनेच्या वयाच्या सारणीत ० आणि ५ वर संपणाऱ्या वयांशी माणसांची गर्दी दिसते. ही गर्दी मोजण्यासाठी व्हिपल निर्देशांक वापरतात : २३ ते ६२ या वयोगटात असे झुकते माप नसेल तर तो १०० येतो, सगळ्यांनीच ० किंवा ५ सांगितले तर ५००. म्हणजे इथे चुकीच्या उत्तरांनीच एक नवा चल जन्माला घातला, आणि त्यावरून त्या भागात जन्मनोंदीची आणि शिक्षणाची स्थिती काय असेल याचा अंदाज बांधता येतो.

आता त्या १.१८ कडे. मुले हसत होती आणि मी फळ्याकडे वळून ‘नामदर्शक चलाची सरासरी काढू नये’ असे लिहीत होतो. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, ‘पण सर, यावरून कळतं ना, अठरा टक्के जमिनी वर्ग दोनच्या आहेत.’ मी हिशेब केला. पन्नासपैकी नऊ उतारे वर्ग २ चे, एक्केचाळीस वर्ग १ चे. बेरीज ५९, भागिले ५०, १.१८. बरोबर होते. चलाच्या दोनच अवस्था असतील आणि त्यांना लागोपाठचे आकडे दिले असतील, तर सरासरी प्रमाण सांगते. ० आणि १ दिले असते तर थेट ०.१८ आले असते. ही काही नवी गोष्ट नव्हती, पुढच्या वर्षाच्या अभ्यासक्रमात मीच ती शिकवत होतो. पण नियमाच्या तोऱ्यात मी ती विसरलो होतो.

म्हणून स्टीव्हन्सबद्दल माझे मत इथेच नोंदवून ठेवतो. त्याची चौकट नवशिक्यासाठी उत्तम शिडी आहे, अनुभवी माणसासाठी पिंजरा. फ्रेडरिक लॉर्ड या संख्याशास्त्रज्ञाने १९५३ साली एक छोटी, मिस्कील कथा लिहून तिची फिरकी घेतली होती. फुटबॉलपटूंच्या पाठीवरचे आकडे वाटणाऱ्या एका प्राध्यापकावर तक्रार येते की नवख्या मुलांना मुद्दाम लहान आकडे दिले. पाठीवरचे आकडे म्हणजे नुसती नावे, त्यांची सरासरी कशी काढणार, म्हणून प्राध्यापक हतबल. संख्याशास्त्रज्ञ मात्र बेधडक सरासरी काढतो आणि दाखवून देतो की इतके लहान आकडे निव्वळ योगायोगाने येणे जवळजवळ अशक्य आहे. सचिनच्या १० ची आणि धोनीच्या ७ ची सरासरी ८.५ हा खेळाडू कोण, हे विचारणे वेडेपणाचे. पण जर्सी वाटणाऱ्याने पक्षपात केला का, हे विचारायचे असेल तर तेच आकडे कामाचे. चल कोणता, याबरोबर प्रश्न कोणता, हेही पाहावे लागते.

काही मोजमापे तर चौकटीला सरळ नकार देतात. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप घ्या. त्याची महत्ता सहाच्या थोडी वर मोजली गेली. ही पट्टी लघुगणकी आहे. ६ वरून ७ वर गेलो की ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते. त्याच भूकंपाची तीव्रता मात्र गावोगाव वेगळी, आणि ती ठरते घरे किती पडली, माणसांना काय जाणवले यावरून : ती क्रमदर्शक. एकाच पहाटेचे हे दोन आकडे बातम्यांत खुशाल एकमेकांच्या जागी वापरले जातात.

एक शेवटची गोष्ट, जी कोणत्याच तक्त्यात नसते : रिकामा रकाना. पर्जन्यमापकात पाऊस शून्य असणे आणि त्या दिवशी माणूस वाचन घ्यायला न येणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण नोंदवहीत दोन्हीकडे आडवी रेघ दिसते, आणि संगणकावर चढवताना कुणीतरी रेघेच्या जागी ० टाकतो. मी स्वतः एकदा एका सर्वेक्षणात वय न सांगितलेल्यांसाठी ९९ हा संकेत ठरवला होता आणि ते टंकणाऱ्याला सांगायचे राहिले. अहवाल छापून झाल्यावर लक्षात आले की आमच्या गावात शतकाच्या उंबरठ्यावर असलेल्या आज्यांची संख्या जरा जास्तच आहे.

संगणकही निर्दोष नाही. सारणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ७/१२ टंका. बहुतेक वेळा ते त्याची तारीख करते, सात डिसेंबर किंवा बारा जुलै. हा विनोद फक्त आपल्या तलाठी कचेरीपुरता नाही. मानवी जनुकांची काही संक्षिप्त नावे इंग्रजी महिन्यांसारखी दिसत, आणि सॉफ्टवेअर त्यांच्या तारखा करून टाकी. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने नावेच बदलली. यंत्राला रकान्याचा प्रकार सांगितला नाही तर ते स्वतः ठरवते.

या पुस्तकात पुढे सरासरी, मध्यक, बहुलक, विचलन, आलेख हे सगळे नेहमीचे मुक्काम येतील. ‘बहुलक’ शब्दाला कुणी घाबरू नये. बाजार समितीच्या भावपत्रकात किमान आणि कमाल यांच्या शेजारी जो ‘सर्वसाधारण दर’ छापतात, तो त्याचाच अवतार. गणित दहावीच्या पुढे कुठेही गेलेले नाही. उदाहरणे शक्य तितकी अवतीभवतीची घेतली आहेत. ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीमुळे नमुना बाराचा रकाना शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून भरू लागला आहे. म्हणजे चल आणि विदा हे आता फक्त परीक्षेला बसणाऱ्यांचे प्रश्न राहिलेले नाहीत.

पान उलटण्यापूर्वी एक काम करा. घरात सातबारा असेल तर तो, नाहीतर विजेचे बिल किंवा रेशनकार्ड समोर घ्या. पेन्सिलीने प्रत्येक रकान्यापुढे लिहा : नाव, क्रम, अंतर की गुणोत्तर. अडलात तर खोडू नका, प्रश्नचिन्ह ठेवा. माझ्या स्वतःच्या उताऱ्यावर अजून दोन प्रश्नचिन्हे आहेत.